‘माझा!’ म्हणायला काय जातं?

आमच्या नातवाला त्याच्या फुटबॉलच्या सरांनी बजावून सांगितलं आहे, की बाजूने क्रॉस आला तरी लाइन सोडायची नाही. नातू तेरा वर्षांचा आहे आणि इथे पुण्यातल्या एका शाळेच्या टीमचा गोलकीपर आहे. घरात तो कुणाचंही ऐकत नाही. आंघोळीला जा म्हटलं तर जात नाही, मोबाइल खाली ठेव म्हटलं तर ठेवत नाही, आजीने वाढलेली भेंडी ताटात तशीच टाकून उठतो. पण सरांनी ‘लाइन सोडू नकोस’ म्हटल्यापासून दोन खांबांच्या मधे असा उभा राहतो, की चुन्याची रेघ मारणाऱ्याने रेघेबरोबर यालाही आखून ठेवलंय असं वाटावं.

गेल्या महिन्यात मी त्याची मॅच बघायला गेलो. पहिला अर्धा तास बरा गेला. मग समोरच्या टीमच्या एका किडकिडीत पोराने उजव्या बाजूने चेंडू उचलून मारला. फार जोरात मारला होता अशातला भाग नाही. चेंडू सावकाश, हवा खात, वरातीतल्या नवरदेवासारखा चारी बाजूंना दर्शन देत येत होता. तो गोलपासून चार पावलांवर उतरणार हे मला चष्मा काढूनही दिसलं असतं. आमचे दोन्ही बॅक मागे वळून नातवाकडे बघायला लागले. नातू लाइनवर. बॅकांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जिलबीसाठी दोन व्याही एकमेकांना आग्रह करतात, तसं काहीतरी त्यांच्यात झालं. आणि तेवढ्यात तिसराच पाहुणा मधे घुसला आणि त्याने डोक्याने चेंडू आत ढकलला.

सर बाहेरून ओरडले, ‘‘बॅक्स! झोपलात काय रे?’’

दोन्ही बॅकांनी माना खाली घातल्या. नातवाला कुणी अवाक्षर बोललं नाही. उलट एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि माझं डोकं फिरलं ते गोल झाला म्हणून नाही. त्या थापेमुळे फिरलं. ती थाप माझ्या ओळखीची आहे. पण ते पुढे सांगतो.

आधी मला या विषयावर तोंड उघडायचा अधिकार काय, ते सांगायला हवं, कारण पुण्यात तो आधी विचारतात. मी कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा रस्सा आठवतो, चपला आठवतात, कुस्ती आठवते. फुटबॉल आठवत नाही, हे लोकांचं दुर्दैव. आमच्याकडे फुटबॉल पेठांत वाढला आणि तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉलच्या टीमची नावं आहेत. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, ही मंडळी लंगोट लावूनच मैदानात उतरत असतील. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली, की त्या दिवशी सासर एका पेठेत आणि माहेर दुसऱ्या पेठेत असलेल्या बायकांनी कुठल्याच घरी तोंड उघडू नये, अशी रीत आहे. अशाच एका लहानशा तालमीचा मी चार वर्षं गोलकीपर होतो. तालमीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या पेठा अजून हसतात.

मी गोलकीपर झालो तो कर्तबगारीने नव्हे. मला पळता येत नव्हतं. पूर्वी ज्याला गणित येत नाही त्याला जसं आर्ट्सला घालत, तसं ज्याला पळता येत नाही त्याला गोलमधे उभं करत. आमचे वस्ताद अस्सल कुस्तीतले. फुटबॉलचे नियम त्यांना शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. ऑफसाइड ही रेफ्रीने काढलेली पळवाट आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पण क्रॉस आला आणि मी लाइनवर थांबलो, की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ‘‘आरं, त्यो अंगावर यायलाय आन् तू हितं हुबा? आत शिर की! जागेवर हुबा ऱ्हाऊन कुणी कुस्ती मारलीया काय रं?’’ मी त्यांना समजावायचो, की वस्ताद, ही कुस्ती नाही, यात शास्त्र असतं, गोलकीपरने आपली जागा सोडू नये. ते बिचारे शास्त्र या शब्दाला घाबरून गप्प बसायचे.

खरं सांगायचं तर शास्त्रबिस्त्र काही नव्हतं. मला भीती वाटायची. ढोपरांची, टाळक्यांची, खिळ्यांच्या बुटांची आणि सगळ्यात जास्त म्हणजे लोकांसमोर फजिती होण्याची. लाइनवर उभं राहिलं की फजिती होत नाही. हे तत्त्व मला विसाव्या वर्षी समजलं आणि त्यावर मी पुढे पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली.

आता मुद्द्यावर येतो. क्रॉस म्हणजे काय? बाजूने कुणीतरी उंच मारलेला, गोलच्या तोंडाशी उतरणारा चेंडू. तो सुटल्यापासून उतरेपर्यंत जेमतेम दोन सेकंद जातात, कधी तेवढीही नाहीत. त्या तोंडाशी एका चौकोनात वीसएक पोरं उड्या मारत असतात आणि त्या सगळ्यांत हात वापरायची मुभा एकट्या गोलकीपरला असते. बाकीच्यांना डोकं वापरावं लागतं. उडी मारून हात वर केलेल्या माणसाच्या बोटांपर्यंत कुठल्या माणसाचं कपाळ पोचेल? हा एवढा ढळढळीत फायदा गाठीला असताना तो न वापरता मागे लाइनवर उभं राहायचं, म्हणजे छत्री काखेत मारून पावसात भिजायचं आणि वर म्हणायचं, की छत्री उघडताना काडी मोडण्याचा धोका असतो.

लाइनवर थांबून नेमकं मिळतं काय, याचाही हिशेब मांडू. आम्ही बँकेतली माणसं, आकड्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. गोलसमोरचा लहान चौकोन लाइनपासून साडेपाच मीटर बाहेर येतो. त्याच्या कडेवरून कुणी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने हेड मारला, तर चेंडू लाइनवर यायला लागतात साधारण ०.४ सेकंद. माणसाच्या मेंदूला ‘अरेच्चा, चेंडू!’ एवढं कळायला त्यातला निम्मा वेळ जातो. उरलेल्या निम्म्यात त्याने ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच दरवाजा राखायचा. म्हणजे जो चेंडू आधी दोन सेकंद हवेत आपल्याकडे येत होता, तो आपण सोडला. का, तर नंतर तोच चेंडू ०.२ सेकंदात अडवता यावा म्हणून! एवढा तोट्याचा व्यवहार आमच्या बँकेत आला असता, तर शाखाधिकारी दुसऱ्या दिवशी बदलीवर गेला असता.

हे सगळं मी मॅचच्या दुसऱ्या दिवशी सरांना सांगायला गेलो. बायको म्हणाली होती, ‘‘अहो, ते सर आहेत त्याचे. त्यांना शिकवायला जाऊ नका.’’ मी म्हटलं, ‘‘अगं, शिकवायला नाही, नुसतं विचारायला जातोय.’’ चाळीस वर्षांच्या संसारात ‘नुसतं विचारायला’ याचा अर्थ तिला कळलेला आहे. तिने रक्तदाबाची गोळी खिशात घालून दिली.

सर पंचविशीतले, गळ्यात शिट्टी, हातात पाटीएवढा टॅब्लेट. वागायला अगदी लाघवी. मला ‘काका’ म्हणाले. त्यामुळे माझा निम्मा राग फुकट गेला.

‘‘काका, आकडे बघा,’’ ते म्हणाले. ‘‘बाहेर आल्यामुळे गोलकीपरच्या चुका वाढतात. या वयाची मुलं उंचीचा अंदाज चुकतात. मधे तीन-चार जण असतात, धक्का लागतो, हातातून बॉल सुटतो. लाइनवर राहिलं की निदान चूक होत नाही.’’

‘‘सर,’’ मी म्हटलं, ‘‘कालचा गोल कुणाच्या चुकीने झाला?’’

‘‘बॅक्सच्या.’’

‘‘तुमच्या टॅब्लेटमधे तो कुणाच्या नावे टाकलात?’’

‘‘बॅक्सच्या.’’

इथेच सगळी मेख आहे आणि ती सरांच्या टॅब्लेटमधे नाही, जगातल्या प्रत्येक मैदानावर आहे. मी आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली, म्हणून मला ती पटकन दिसते. गोलकीपर बाहेर आला आणि चेंडू चुकला, तर त्याची चूक पाचशे माणसांना उघड्या डोळ्यांनी दिसते. रिकामा गोल, मधेच हवेत हात मारणारा गोलकीपर, हसणारी गॅलरी. गोल त्याच्या नावे पडतो. तोच गोलकीपर लाइनवर उभा राहिला आणि चार पावलांवरून कुणी हेड मारला, तर लोक म्हणतात, काय हेड मारला! किंवा म्हणतात, बॅकने सोडला. गोलकीपर बिचारा काय करणार? गोल दोन्हीकडे एकच, पण खातं बदललं. जो कारकून स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या खतावणीत लिहितो त्याची वही स्वच्छ दिसणारच. त्या वहीवरून तो हुशार ठरवायचा म्हणजे कमाल आहे!

सर हसले. पण माणूस वाचलेला निघाला. त्याने इतिहास काढला. आता कोल्हापूरच्या माणसासमोर फुटबॉलचा इतिहास काढणं म्हणजे भटजीसमोर पंचांग काढण्यासारखं, पण काढला.

पहिल्यांदा त्यांनी गॉर्डन बँक्स काढले. १९७० चा वर्ल्ड कप, मेक्सिको, इंग्लंड विरुद्ध ब्राझील. जाईरझिन्योचा उजवीकडून क्रॉस, पेलेचा जमिनीच्या दिशेने मारलेला हेड, आणि बँक्स लाइनवरून आडवे झेपावून तो बारवरून काढतात. ‘‘लाइनवर होते म्हणून वाचवला ना काका?’’ मी म्हटलं, अहो, तो क्रॉस पार लांबच्या खांबाकडे गेला होता. बँक्स जवळच्या खांबापाशी होते. हात पोचणार नाही अशा क्रॉसमागे धावा, असं मी कुठे म्हणतोय? शिवाय त्या झेपेला लोक शतकातली झेप म्हणतात. शतकातली! म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. शंभर वर्षांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर तुम्ही शाळेची टीम चालवणार? आणि एवढं करून इंग्लंड ती मॅच १-० ने हरलंच.

मग त्यांनी १९८६ काढलं. मला वाटलंच होतं. बाहेर येणाऱ्या गोलकीपरला शिव्या घालायच्या असल्या की सगळे १९८६ काढतात. पुन्हा मेक्सिको, पुन्हा इंग्लंड, समोर अर्जेंटिना. शिल्टन चेंडू ठोसायला बाहेर आले आणि त्यांच्यापेक्षा वीतभर बुटका मॅराडोना त्यांच्या आधी चेंडूला भिडला. एक तर तो क्रॉस नव्हता. इंग्लंडच्याच खेळाडूच्या पायाला चेंडू चुकीचा लागून मागे उडाला होता. तेही सोडा. मॅराडोनाने तो गोल कशाने केला? हाताने! म्हणजे जगातला त्या वेळचा सगळ्यात मोठा खेळाडू, पण पुढे आलेल्या गोलकीपरला हरवायला त्यालासुद्धा डोकं पुरलं नाही, चोरून हात वापरावा लागला. माझ्या बाजूचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. सरांनी तो माझ्या विरुद्ध दाखल केला होता.

‘‘आणि हिगिता?’’ सर म्हणाले. हिगिता म्हणजे कोलंबियाचा गोलकीपर. १९९० च्या वर्ल्ड कपमधे हा गृहस्थ चेंडू पायात घेऊन गोलपासून पार लांब फिरायला गेला आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलाने तो त्याच्या पायातून काढून रिकाम्या गोलमधे नेऊन ठेवला. मी म्हटलं, सर, ते बाहेर येणं नव्हे, ती सहल होती.

जुन्या काळच्या धक्काबुक्कीचाही विषय निघाला. १९५७ च्या एफ. ए. कपच्या फायनलमधे मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वुड याच्या गालाचं हाड मोडलं. पुढच्याच वर्षी त्याच टीमचा हॅरी ग्रेग हातात चेंडू धरून असताना बोल्टनच्या लॉफ्टहाउसने त्याला खांद्याने असा रेटा दिला, की ग्रेग चेंडूसकट गोलमधे गेला आणि रेफ्रीने गोल दिला. तेव्हाच्या फुटबॉलमधे हे चालायचं. आज हातात चेंडू असलेल्या गोलकीपरला हात लावायची सोय नाही. पण मला विचाराल तर ग्रेगचं उदाहरण लाइनवाल्यांनी काढूच नये. ग्रेग गोलच्या तोंडाशी होता, म्हणून तर एका रेट्यात आत गेला. पाच पावलं पुढे असता तर धक्का खाल्ला असता, पाठ दुखली असती, पण पडला मैदानातच असता.

एक उदाहरण मात्र सरांनी काढलं नाही, ते मीच काढतो, नाही तर लबाडी होईल. १९८२ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल. जर्मनीचा शूमाकर बाहेर आला आणि फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला, की त्याचे दात गेले आणि मणक्याला इजा झाली. रेफ्रीने साधा फाउलसुद्धा दिला नाही. तो प्रसंग पाहिल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाहेर येणं म्हणजे चेंडूवर येणं, माणसावर नव्हे, एवढं तर कुणीही मान्य करील. बाहेर येताना डोळे चेंडूवर हवेत. शूमाकरचे कुठे होते ते त्याचं त्याला माहीत.

लेव यशिनचं नाव घेतल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. रशियाचा. काळे कपडे घालायचा. गोलपासून पुढे येऊन क्रॉस पकडायचा, ठोसायचा आणि मॅचभर आपल्या बॅकांवर खेकसत असायचा. १९६३ चा बॅलन डी’ऑर त्याला मिळाला. तो पुरस्कार मिळालेला दुसरा गोलकीपर अजून झालेला नाही. आता लाइनवर उभं राहून जगाने डोक्यावर घेतलेला गोलकीपर कोण, ते तुम्ही सांगा. मी थांबतो.

सर म्हणाले, ‘‘पण काका, यशिन केवढा उंच! तुमचा नातू चार फूट दहा इंच आहे.’’

हा वार जिव्हारी लागला. आमच्या घराण्यात उंची नाही. बायकोच्याही घराण्यात नाही. त्यामुळे या बाबतीत भांडायलासुद्धा वाव नाही. पण जरा विचार करा. गोलचा आडवा बार आठ फुटांवर आहे. चार फूट दहा इंचांचं पोर त्या बारखाली उभं राहिलं तर त्याच्या डोक्यावर तीन फुटांच्या वर मोकळी खिडकी. बुटक्या माणसाने लाइनवर थांबणं हे तर उंच माणसाने थांबण्यापेक्षा वाईट! तेच पोर दोन पावलं पळत येऊन एका पायावर उडालं, तर जागेवरच्या उडीपेक्षा वर जातं. शिवाय मेक्सिकोचा होर्हे कांपोस आहे. १९९४ च्या वर्ल्ड कपमधे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. उंची १.६८ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बसमधला कुठलाही चारचौघांसारखा प्रवासी. अंगात पोपटी, गुलाबी, पिवळे असे सगळे रंग एका वेळी सांडल्यासारखे कपडे. तो लाइनवर असा किती वेळ थांबायचा? माझ्या नातवाला लाइनवर उभं करण्याआधी सरांनी कांपोसला तसं उभं करून दाखवावं.

आणि इतकं करूनही पटत नसेल तर हल्लीच्या इंग्लंडमधल्या मॅच बघा. कॉर्नर मिळाला, की समोरच्या टीमचे तीन-चार दांडगे गडी येऊन गोलकीपरच्या भोवती उभे राहतात. सहा आसनी रिक्षात सातव्याला बसवताना असते तशी दाटी. त्याला हलू द्यायचं नाही, हात वर करू द्यायचा नाही. का? गोलकीपरचं बाहेर येणं जर एवढं निरुपयोगी आणि धोक्याचं असेल, तर त्याला येऊ द्यावं की! शत्रू ज्या दाराला बाहेरून कडी लावतो, त्याच दाराने आपण बाहेर पडायला हवं, हे समजायला टॅब्लेट लागत नाही.

एवढं झाल्यावर सर म्हणाले, ‘‘काका, तुम्ही किती क्रॉसला बाहेर यायचात?’’

मी रक्तदाबाची गोळी घेतली आणि घरी आलो.

आता ती थाप.

१९७८ साल. आमच्या तालमीने जन्मात पहिल्यांदा फायनल गाठली होती. शेवटची पाच मिनिटं राहिली होती, गोल कुणाचाच नव्हता. डावीकडून क्रॉस आला. असाच, हवा खात. मी आजही डोळे मिटले की तो चेंडू दिसतो. त्याची शिवण फिरताना दिसते. माझ्यापासून चार पावलांवर उतरणार होता. तो माझा होता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आमचा स्टॉपर चेंडूच्या खाली होता, आणि त्याने उडी मारायच्या आधी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. येतोस काय, असं विचारत होता. ‘माझा!’ एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरंसुद्धा नाहीत, दोनच आहेत. माझ्या तोंडातून ती निघाली नाहीत. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे घेतलं. ते पाहण्यात त्याचा क्षण गेला. तो उशिरा उडाला, आणि समोरच्याचं टाळकं त्याच्या तोंडावर बसलं. चेंडू खाली पडला, कुणीतरी तो आत मारला. स्टॉपर तोंड धरून बसला होता. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. पुढचे दोन दात मातीत होते. आम्ही ते शोधलेसुद्धा, जणू सापडले तर परत बसवता येणार होते.

दुसऱ्या दिवशी पेठेत एकच चर्चा. स्टॉपरने घात केला. वेळेवर उडाला नाही. माणसं त्याच्या घरावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायची. त्याच्या आईला नळावर ऐकवायची. वर्षभर त्याला टीममधे घेतलं नाही. आणि माझ्या पाठीवर थाप. ‘तू बिचारा काय करणार रे!’ चहाच्या टपरीवर माझे पैसे घेत नव्हते. मी तो चहा प्यालो. एकदाही म्हणालो नाही, की अरे, चेंडू माझा होता. एकट्या वस्तादांना काय ते कळलं होतं. ते मला काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी मला ‘आत शिर’ असं ओरडून सांगायचं सोडून दिलं.

स्टॉपरला बाविसाव्या वर्षी कवळी बसली. तोही मला कधी काही बोलला नाही. माझ्या मुलाच्या लग्नात जेवणं झाल्यावर पान लावून घेता घेता तो सहज म्हणाला, ‘‘तवा माजा म्हनला आसतास, तर मी खाली वाकलो आसतो लगा.’’ बस्स, एवढंच. आणि मग सुपारी नको म्हणाला, चावत नाही म्हणून.

म्हणून मी सरांकडे दुसऱ्यांदा गेलो. या वेळी आकडे नेले नाहीत, हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ टॅब्लेटकडे बघत राहिले. तो बंद होता. मग म्हणाले, ‘‘ठीक आहे काका. लहान चौकोनात येणारा बॉल त्याचा. पण ओरडूनच यायचं. आणि एकदा निघाला की अर्ध्यातून परत फिरायचं नाही.’’ तेवढ्या एका बाबतीत आमचं पहिल्यापासूनच एकमत होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं. निघून परत फिरणारा गोलकीपर हा लाइनवाल्यांच्याही उपयोगाचा नाही आणि आमच्याही.

महिनाभर मी नातवाला सोसायटीच्या पार्किंगमधे क्रॉस टाकून दिले. या वयात पायाने टाकता येत नाहीत, हाताने टाकले. दोन गाड्यांचे आरसे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी सेक्रेटरींकडे तक्रार केली, की सकाळी साडेसहाला कुणीतरी सारखं ‘माझा, माझा’ म्हणून किंचाळतं. प्रॉपर्टीचं काही भांडण आहे का?

परवाच्या रविवारी मॅच झाली. दुसऱ्या हाफमधे डावीकडून क्रॉस आला. नातू निघाला. ओरडला. उडाला. आणि चेंडू त्याच्या बोटांच्या वरून वीतभर अंतराने मागे गेला आणि एका पोराने तो रिकाम्या गोलमधे टाकला. सगळी गॅलरी हसली. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नातवानेही पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

संध्याकाळी मी कोल्हापूरला फोन लावला.

‘‘गोल खाल्लान,’’ मी म्हटलं. ‘‘बाहेर आला आणि चुकला.’’

‘‘माजा म्हनला?’’ तिकडून विचारणा झाली.

‘‘म्हणाला.’’

‘‘आयकाय आलं?’’

‘‘शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली.’’

‘‘मग बॅक वाकला?’’

‘‘वाकला. दोन्ही वाकले.’’

‘‘दात?’’

‘‘सगळ्यांचे जागेवर आहेत.’’

तिकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, ‘‘फुडची मॅच कवा हाय?’’

‘‘येत्या रविवारी. सकाळी साडेसातला.’’

‘‘शनिवारच्या रातच्या एसटीनं येतो. वैनीस्नी सांग, भेंडी नगं.’’